अक्षरांची कुळे : शब्दखेळांतून इंग्रजी शब्दसंग्रहाचा अभ्यास

आमच्यासारख्या निवासी शाळेत दाखल होणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी इंग्रजीचे पहिले पुस्तक येते ते त्यांच्याच दप्तरातून. आईवडील ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा शेतमजुरीला गेलेले असतात. सायंकाळी शेजारी बसवून शब्द वाचून दाखवणारे घरात कोणी नसते. अशा मुलाला इंग्रजी हा विषय प्रथम भेटतो तो स्पेलिंगच्या रूपाने, आणि स्पेलिंग भेटते ते पाठांतराच्या व चुकीच्या भीतीच्या रूपाने. दहा शब्द पाठ करावेत, दुसऱ्या दिवशी सहा आठवावेत, आठवड्याने दोन उरावेत, हा क्रम आम्ही अनेक वर्षे पाहिला. त्यात मुलांच्या बुद्धीचा दोष नव्हता. एकमेकांशी काहीच नाते नसलेले दहा शब्द आम्ही त्यांच्यापुढे ठेवीत होतो, हा दोष आमचा होता.

शब्दांना नाती असतात. काही नाती अर्थाची असतात, काही उच्चाराची, तर काही केवळ अक्षरांची. यांपैकी अक्षरांच्या नात्यांकडे शालेय अध्यापनात सहसा दुर्लक्ष होते. शब्दखेळ मात्र त्या नात्यांवरच उभे असतात. एकाच अक्षराने आरंभ होणारे, तीच अक्षरे निराळ्या क्रमाने धारण करणारे, किंवा एकाच मुक्या अक्षराचा भार वाहणारे शब्द एकत्र मांडले, तर विद्यार्थी एकेक शब्द न शिकता शब्दांची कुळेच्या कुळे शिकतो. अशा काही कुळांचा परिचय करून द्यावा आणि वसतिगृहातील रिकाम्या वेळेत त्यांचा उपयोग कसा करावा हे सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. खेळ आणि त्यामागील मोजणी

इंग्रजी शब्दखेळांत सर्वाधिक प्रसिद्ध असलेला खेळ म्हणजे स्क्रॅबल. त्याचा कर्ता आल्फ्रेड मोशर बट्स हा न्यूयॉर्क राज्यातील एक वास्तुविशारद. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत त्याचे काम गेले. रिकामा वेळ हाती आला तेव्हा त्याने एक शब्दखेळ रचावयास घेतला. कोणते अक्षर किती वेळा वापरले जाते हे ठरवण्यासाठी त्याने वृत्तपत्रांची पाने पुढे घेतली आणि त्यांतील अक्षरे हाताने मोजली. खेळाला त्याने प्रथम ‘लेक्सिको’ असे नाव दिले, पुढे ‘क्रिस-क्रॉस वर्ड्स’ असे म्हटले. उत्पादकांनी त्याला नकार दिला. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो याने हक्क घेऊन खेळाचे नाव ‘स्क्रॅबल’ असे ठेवले. १९४९ मध्ये त्याने सुमारे २,४०० संच तयार केले आणि तोटा सोसला. हे संच तयार होत होते ती जागा म्हणजे कनेक्टिकट राज्यातील एक वापरात नसलेली जुनी शाळा होती, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना विशेष आवडते. यश आले ते १९५२ च्या सुमारास.

या खेळाचा पट १५ आडव्या व १५ उभ्या ओळींचा, म्हणजे २२५ घरांचा असतो. चकत्या १०० असतात. त्यांपैकी दोन कोऱ्या, कोणत्याही अक्षराऐवजी चालणाऱ्या. उरलेल्या ९८ चकत्यांची वाटणी पाहिली की बट्सच्या मोजणीचे मोल कळते. ‘ई’च्या १२ चकत्या आहेत, ‘ए’ व ‘आय’च्या प्रत्येकी ९, ‘ओ’च्या ८, आणि ‘एन’, ‘आर’, ‘टी’ यांच्या प्रत्येकी ६. याउलट ‘के’, ‘जे’, ‘एक्स’, ‘क्यू’ आणि ‘झेड’ यांची केवळ एकेकच चकती आहे. जे अक्षर दुर्मीळ, त्याचे गुण अधिक. ‘ई’ला एक गुण, ‘के’ला पाच, ‘जे’ व ‘एक्स’ला आठ, तर ‘क्यू’ व ‘झेड’ला दहा. ‘एस’ हे अक्षर वास्तविक फार आढळणारे. तरीही त्याच्या चारच चकत्या ठेवल्या आहेत, कारण शब्दाच्या शेवटी ‘एस’ जोडून अनेकवचन करणे अतिशय सोपे होऊन बसते.

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे की, बट्सची ही मोजणी स्वतः करून पाहा. पाठ्यपुस्तकाचे कोणतेही एक पान घ्या, सव्वीस रकाने आखा आणि प्रत्येक अक्षरासाठी एक रेघ ओढत जा. पानाच्या शेवटी ‘ई’चा रकाना सर्वांहून उंच झालेला बहुधा दिसेलच. ज्या अक्षरांना आपण भीत होतो ती आपण मोजली, ही जाणीव लहान नाही.

२. दोन अक्षरांचे कुळ

खेळातील अनुभवी माणसे प्रथम दोन अक्षरी शब्द शिकतात. स्पर्धेत मान्य असलेले असे शब्द शंभराहून अधिक आहेत. पटावर आधीच असलेल्या शब्दाला चिकटून नवा शब्द मांडावयाचा असेल, तर शेजारच्या अक्षरांशी जुळणारे हे लहान शब्दच वाट मोकळी करून देतात.

ते सरसकट पाठ करू नयेत, गट करावेत. पहिला गट पाश्चात्त्य संगीताच्या सुरांचा : डो, रे, मी, फा, सो, ला, टी. आपले सा, रे, ग, म ठाऊक असलेल्या मुलास हा गट एका बैठकीत येतो. दुसरा गट ग्रीक वर्णांच्या नावांचा : पाय, म्यू, न्यू, झाय. यांपैकी पाय गणिताच्या तासाला भेटलेला असतोच. तिसरा गट उद्गारांचा : आह, ओह, हा, आउ, श. चौथा गट मोठा गमतीचा आहे. इंग्रजी अक्षरांची नावे हेही शब्दच आहेत. ‘एल’ हे नाव ई व एल या अक्षरांनी लिहितात, ‘एम’ हे ई व एम यांनी, ‘एन’ हे ई व एन यांनी, तर ‘एक्स’ हे ई व एक्स यांनी. पाचवा गट नित्याच्या वापराचा : अ‍ॅम, अ‍ॅन, अ‍ॅट, बी, बाय, गो, इन, इट, नो, ऑन, अप, वी.

एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावी. ‘व्ही’ हे अक्षर असलेला एकही दोन अक्षरी शब्द मान्य यादीत नाही. म्हणून ‘व्ही’ हाती आला की मोठ्याच शब्दाचा विचार करावा. काय नाही हे ठाऊक असणे, हेही ज्ञानच होय.

३. एक अक्षर जोडून वाढणारे कुळ

लहान शब्दाच्या पुढे किंवा मागे एक अक्षर जोडले की नवा शब्द होतो. ‘अ‍ॅट’ घ्यावा. त्याच्या आरंभी अक्षर जोडले की बॅट, कॅट, फॅट, हॅट, मॅट, पॅट, रॅट, सॅट असे शब्द उभे राहतात. ‘कार’च्या शेवटी अक्षर जोडले की कार्ड, केअर, कार्ट मिळतात. आरंभी ‘एस’ जोडला तर ‘स्कार’, म्हणजे व्रण; त्यापुढे ‘एफ’ जोडला तर ‘स्कार्फ’.

या कुळाचा उपयोग करताना शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगावी. अक्षरे समान असली म्हणजे उच्चार समान असतोच असे नाही. ‘इअर’, म्हणजे कान, या शब्दाला बी, डी, एफ, एच, एन, पी, डब्ल्यू, वाय अशी अक्षरे जोडली तर बेअर, डिअर, फिअर, हिअर, निअर, पेअर, वेअर, यिअर हे शब्द होतात. यांत बेअर, पेअर आणि वेअर यांचा उच्चार इतरांहून निराळा आहे. ‘टी’ जोडून होणाऱ्या शब्दाचे तर दोन उच्चार आहेत : अश्रू या अर्थी ‘टिअर’ आणि फाडणे या अर्थी ‘टेअर’. त्याचप्रमाणे ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे दो, थ्रू, टफ, कॉफ, थॉट या सर्व शब्दांत येतात आणि प्रत्येकात निराळी बोलतात. मराठीत लिहिलेले अक्षर बहुधा तसेच वाचले जाते, त्यामुळे आपली मुले येथे अडखळतात. त्यांना ‘हे असेच असते’ म्हणून गप्प बसवू नये. डोळ्यांसाठी एक कुळ आणि कानांसाठी दुसरे, असे दोन रकाने करून हे शब्द लिहून घ्यावेत.

४. मुक्या अक्षरांचे कुळ

‘नी’, म्हणजे गुडघा, या शब्दाच्या आरंभी ‘के’ का लिहावयाचा, हा प्रश्न प्रत्येक वर्गात एखादा विद्यार्थी विचारतोच. त्याचे उत्तर इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत हा ‘के’ उच्चारला जात असे. जर्मन भाषेत गुडघ्याला आजही ‘क्नी’ म्हणतात. इंग्रज लोकांच्या जिभेने ‘के’ सोडला, लेखणीने सोडला नाही. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला. त्यानंतर छापील स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेले, आणि उच्चार मात्र पुढेही बदलत राहिले. म्हणून नाइफ, नॉट, नो, नॉक या शब्दांत ‘के’ उरला. राइट, राँग, रिस्ट, रॅप या शब्दांत आरंभीचा ‘डब्ल्यू’ उरला. आणि डास किंवा चिलटासारखा कीटक या अर्थाच्या ‘नॅट’मध्ये ‘जी’ उरला.

सर्वच मुकी अक्षरे अशी नैसर्गिकपणे आलेली नाहीत. ‘डेट’, म्हणजे ऋण, आणि ‘डाउट’, म्हणजे शंका, या शब्दांतील ‘बी’ कधी उच्चारला जात नव्हता. हे शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून ‘बी’शिवाय आले होते. त्यांचे मूळ लॅटिन आहे हे दाखवण्याच्या हौसेने पंडितांनी तो नंतर घातला. विद्वानांच्या हौसेचा भार शतकानुशतके विद्यार्थी वाहत आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मुके अक्षर लक्षात ठेवण्याची एक उत्तम युक्ती आहे. त्या शब्दाचा असा नातलग शोधावा की ज्यात ते अक्षर बोलते. ‘साइन’मधला ‘जी’ मुका आहे, पण ‘सिग्नल’ आणि ‘सिग्नेचर’मध्ये तो स्पष्ट ऐकू येतो. ‘बॉम्ब’मधला शेवटचा ‘बी’ इंग्रजी उच्चारात मुका, तर ‘बम्बार्ड’मध्ये बोलका. ‘मसल’मधला ‘सी’ मुका, तर ‘मस्क्युलर’मध्ये बोलका. एकाच्या मौनाचे कारण त्याच्या भावंडाकडून कळते, हा अनुभव मुलांना फार आनंद देतो.

५. क्यूचे कुळ आणि आपल्या ओळखीचे पाहुणे

इंग्रजीत ‘क्यू’च्या मागोमाग ‘यू’ येतो, हा नियम आपण शिकवतो : क्वीन, क्विक, क्वाएट. खेळात दहा गुणांचा ‘क्यू’ हाती असतो आणि ‘यू’ मिळत नाही, तेव्हा खेळाडू अडतो. त्या वेळी उपयोगी पडतात ते ‘यू’ची सोबत नसलेले ‘क्यू’चे शब्द. त्यांतील सर्वांत लहान शब्द ‘ची’, क्यू व आय यांनी लिहिला जाणारा. जीवनशक्ती या अर्थाने तो चिनी भाषेतून इंग्रजीत आला. पटावरील बक्षिसाची घरे सोडून त्याचे ११ गुण होतात.

या कुळातील इतर शब्द वाचताना मराठी विद्यार्थ्याला आश्चर्य वाटेल. फकीर, बुरखा, काझी, तलाक, निकाब हे शब्द इंग्रजी कोशांत ‘क्यू’ने लिहिलेले आढळतात. कव्वालीही त्यांत आहे. यांतील बहुतेक शब्द मूळचे अरबी. अरबीत घशातून उच्चारला जाणारा एक वर्ण आहे आणि रोमन लिपीत तो दाखवण्यासाठी ‘क्यू’ योजतात. तेच शब्द आपल्याकडे फारसीच्या मार्गाने मराठीत आले आणि इंग्रजीत निराळ्या वाटांनी गेले. म्हणजे जे कुळ इंग्रज मुलाला सर्वांत परके वाटते, ते आपल्या मुलाला अर्थासह आधीच ठाऊक असते. त्याला शिकावयाचे असते ते केवळ लेखन.

हीच गोष्ट महाप्राण व्यंजनांच्या शब्दांची. डी व एच यांनी आरंभ होणारे इंग्रजी कोशातील शब्द पाहावेत : धोती, धोबी, धरणे, धर्म. बी व एच यांचे पाहावेत : भजी, भक्ती, भांग, भांगडा. जी व एच यांचे पाहावेत : घाट, घी, घेराव. ‘घोस्ट’सारखे काही शब्द त्यात निराळ्या कुळातले आहेत, हे खरे. परंतु ‘ध’ आणि ‘भ’ हे उच्चार इंग्रजीत मुळात नसल्यामुळे ही जोडाक्षरे दिसली की शब्द बहुधा आपल्याकडून गेला असे समजावे. स्तूप, सूत्र, निर्वाण आणि कर्म हे शब्दही इंग्रजी कोशात मानाने नांदत आहेत. ‘मंगूस’ हा इंग्रजी शब्द तर आपल्या मुंगसावरूनच गेला आहे.

या ठिकाणी आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगणे आम्हांस उचित वाटते. काही वर्षांपूर्वी रविवारच्या दुपारी अक्षरखेळ चालू होता. सातवीतील एका मुलीने जे, ओ, डब्ल्यू, ए, आर अशी पाच अक्षरे पटावर मांडली. हा कोणता शब्द, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “सर, जवार. आमच्याकडं ज्वारीला जवारच म्हणतात.” मराठी शब्द चालणार नाही, असे सांगून आम्ही अक्षरे उचलावयास लावली. मुले हसली. ती मुलगी तो डाव थोडक्या गुणांनी हरली आणि पुढील दोन रविवार खेळावयास आली नाही.

त्यानंतर एके दिवशी ‘जोव्हिअल’ या शब्दाचा अर्थ पाहण्यासाठी आम्ही वाचनालयातील मोठा इंग्रजी शब्दकोश उघडला असता त्याखाली थोड्याच अंतरावर तीच पाच अक्षरे आम्हांस दिसली. ज्वारी या धान्याचे नाव म्हणून तो शब्द कोशात नोंदलेला होता. तिच्या घरची भाकरी इंग्रजी कोशात होती, आणि ती तेथे नसावी असे आम्ही कोश न पाहताच ठरवून टाकले होते. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी सर्व विद्यार्थ्यांसमोर आम्ही तो कोश उघडून शब्द वाचून दाखवला, चूक आमची होती असे सांगितले आणि तिचे १५ गुण तिच्या नावे लिहिले. त्या दिवसापासून आमच्या खेळात एक नियम आहे : शब्द खरा की खोटा हे शिक्षक ठरवीत नाही, कोश ठरवतो, आणि कोश पाहण्यापूर्वी कोणी हसावयाचे नाही. पुढे बाजरी आणि नाचणीही त्याच कोशात ‘बाज्रा’ व ‘रागी’ या नावांनी सापडल्या. त्या शोधून काढल्या त्याच मुलीने.

६. स्वरांवाचून चालणारे कुळ

ए, ई, आय, ओ, यू या पाच स्वरांपैकी एकही हाती आला नाही तर काय करावे? अशा वेळी ‘वाय’ मदतीला येतो. बाय, माय, क्राय, ड्राय, फ्लाय, स्काय, ट्राय, व्हाय हे नित्याचे शब्द. त्यानंतर जिम, हिम म्हणजे स्तोत्र, मिथ म्हणजे पुराणकथा, लिंक्स हे रानमांजरासारखे जनावर, क्रिप्ट म्हणजे तळघर. आणि शेवटी रिदम, म्हणजे लय. ‘रिदम’ची सहाही अक्षरे लिहून पाहावीत. आर, एच, वाय, टी, एच, एम असा त्यांचा क्रम आहे, त्यात पाचांपैकी एकही स्वर नाही.

‘वाय’ही नसेल तर उद्गार उपयोगी पडतात : श्श, हम्म, ब्रर्र. याशिवाय ‘कूम’ हा सी, डब्ल्यू, एम असा लिहिला जाणारा शब्द आहे. तो वेल्श भाषेतून आला असून त्याचा अर्थ डोंगरातील खोलगट दरी असा आहे. वेल्शमध्ये ‘डब्ल्यू’ स्वराचे काम करतो. एका भाषेचे व्यंजन दुसरीत स्वर ठरते, हे या तीन अक्षरांतून मुलास सहज कळते.

७. तीच अक्षरे, निराळे शब्द

शब्दखेळांचा खरा कस या कुळात लागतो. ‘स्टॉप’ची चार अक्षरे फिरवली की पोस्ट, पॉट्स, स्पॉट, टॉप्स, ऑप्ट्स असे आणखी पाच शब्द मिळतात. ‘लिसन’, म्हणजे ऐक, आणि ‘सायलेंट’, म्हणजे निःशब्द, यांची अक्षरे तीच आहेत. ‘अर्थ’ म्हणजे पृथ्वी आणि ‘हार्ट’ म्हणजे हृदय यांचीही तीच. नाइट आणि थिंग, स्टेट आणि टेस्ट, मास्टर आणि स्ट्रीम याही अशाच जोड्या.

हे शब्द शोधण्याची रीत अशी. अक्षरे प्रथम वर्णमालेच्या क्रमाने मांडावीत. ‘स्टॉप’ची अक्षरे ओ, पी, एस, टी अशी होतील. ‘पोस्ट’ आणि ‘स्पॉट’ यांचीही तशीच होतील. हा क्रम म्हणजे त्या कुळाचे आडनाव समजावे. वहीत आडनाव डावीकडे आणि शब्द उजवीकडे लिहावेत. काही महिन्यांनी त्या वहीचाच एक छोटा कोश होतो.

सात अक्षरी शब्दांसाठी अनुभवी खेळाडू एक पायरी पुढे जातात, कारण हातातील सातही चकत्या एका डावात मांडल्यास ५० गुण अधिक मिळतात. ते सहा अक्षरांचे एक बीज घेतात आणि त्यात सातवे अक्षर मिसळतात. ‘रेटिना’, म्हणजे डोळ्यातील पडदा, हे असे प्रसिद्ध बीज आहे. त्यात ‘सी’ मिसळला की ‘सर्टन’, ‘डी’ मिसळला की ‘ट्रेन्ड’, ‘जी’ मिसळला की ‘ग्रॅनाइट’ किंवा ‘टेअरिंग’, ‘के’ मिसळला की ‘केराटिन’, ‘एम’ मिसळला की ‘मिनारेट’, ‘पी’ मिसळला की ‘पेंटर’ किंवा ‘रिपेंट’, आणि ‘एस’ मिसळला की ‘रिटेन्स’. यांतील ‘ग्रॅनाइट’ भूगोलात भेटतो, ‘केराटिन’ विज्ञानात, ‘मिनारेट’ म्हणजे मशिदीचा मिनार इतिहासात. एका बीजातून तीन विषयांची दारे उघडतात.

८. शब्द आणि अर्थ

येथे एक इशारा देणे आम्ही आवश्यक समजतो. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स हा स्क्रॅबलचा असामान्य खेळाडू. २०१५ मध्ये त्याने फ्रेंच भाषेतील स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि फ्रेंच भाषा तर त्याला बोलता येत नव्हती. त्याने फ्रेंच शब्दांची यादी स्मरणात साठवली होती. स्मरणशक्तीचा हा पराक्रम थक्क करणारा आहे. परंतु तो खेळाचा पराक्रम होता, भाषेचा नव्हे. आमच्या विद्यार्थ्यांना स्पर्धा जिंकावयाची नाही. त्यांना अर्ज लिहावयाचा आहे, औषधाच्या बाटलीवरील सूचना वाचावयाच्या आहेत, मुलाखतीत समोरच्याच्या डोळ्यांत पाहून उत्तर द्यावयाचे आहे, आणि कोणी इंग्रजी बोलून गप्प करू पाहील तेव्हा गप्प न बसता बोलावयाचे आहे.

म्हणून आमच्या खेळात दुसरा नियम असा आहे की, ज्या शब्दाचा अर्थ खेळाडूला सांगता येईल त्याचेच पूर्ण गुण द्यावेत. अर्थ न सांगता आल्यास निम्मे. अर्थ मराठीत सांगितला तरी चालतो, घरच्या बोलीत सांगितला तरी चालतो. शब्द वाक्यात वापरून दाखवल्यास दोन गुण अधिक.

९. खेळाचा संच कसा करावा

विकतचा संच नसला तरी काही अडत नाही. जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्यावा, सव्वा इंच लांबी-रुंदीच्या १०० चकत्या कापाव्यात, आणि वर दिलेल्या वाटणीनुसार अक्षरे लिहावीत. राहिलेल्या अक्षरांची वाटणी अशी : एल, एस, यू, डी प्रत्येकी चार, जी तीन, बी, सी, एम, पी, एफ, एच, व्ही, डब्ल्यू, वाय प्रत्येकी दोन. गुण असे : पाचही स्वर आणि एल, एन, एस, टी, आर यांना एक, डी व जी यांना दोन, बी, सी, एम, पी यांना तीन, एफ, एच, व्ही, डब्ल्यू, वाय यांना चार, उरलेल्यांचे गुण आरंभी सांगितलेच आहेत. सर्व चकत्यांच्या गुणांची बेरीज १८७ येते. ती मुलांकडूनच करून घ्यावी. बेरीज जुळली म्हणजे संच बरोबर झाला असे समजावे.

पट फरशीवर खडूने आखावा. लहान वर्गांनी पट न वापरता नुसत्या चकत्यांचे ढीग करून कुळे शोधावीत. आठवड्यात एकच कुळ घ्यावे. सोमवारी ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहावे, आठवडाभर पुसू नये, रविवारी खेळावे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने खालच्या वर्गातील दोघांना जोडीला घ्यावे. घरी शेजारी बसणारे कोणी नव्हते, तर येथे थोरल्या भावंडाने शेजारी बसावे. वसतिगृहाचा अर्थ याहून वेगळा काय असतो?

१०. समारोप

शेवटी विद्यार्थ्यांना एक अभ्यास देऊन आम्ही हा लेख पुरा करतो. ‘स्टार्टलिंग’, म्हणजे चकित करणारे, हा नऊ अक्षरांचा शब्द वहीत लिहावा. त्यातील ‘एल’ काढला की ‘स्टार्टिंग’ उरतो. पुढचा ‘टी’ काढला की ‘स्टेअरिंग’. ‘ए’ काढला की ‘स्ट्रिंग’. ‘आर’ काढला की ‘स्टिंग’. ‘टी’ काढला की ‘सिंग’. ‘जी’ काढला की ‘सिन’. ‘एस’ काढला की ‘इन’. आणि ‘एन’ काढला की शेवटी एकच अक्षर उरते, ‘आय’, म्हणजे ‘मी’. प्रत्येक पायरीवर अर्थपूर्ण शब्द आहे.

आता हीच वाट उलट चालावी. एकट्या ‘मी’ला एकेक अक्षर जोडत नऊ अक्षरांपर्यंत जावे, आणि प्रत्येक पायरीवरील शब्दाचा अर्थ मोठ्याने सांगावा. या शाळेत एकेकटी आलेली आणि आज निरनिराळ्या गावी उभी राहिलेली आमची मुले-मुली ही स्मरणिका हाती घेतील, तेव्हा त्यांनी आपापल्या घरच्या लहानग्यांना जवळ बसवून हा अभ्यास करवून घ्यावा, अशी आमची विनंती आहे. पुठ्ठा, कात्री आणि एक शब्दकोश एवढे साहित्य त्याला पुरे आहे.